जी सुराच्या जरा वर

सेमी-हॉलो गिटार दिसते पोकळ, पण तिच्या पोटातून मेपलचा एक सलग ठोकळा आरपार गेलेला असतो. पोकळी उरते ती दोन्ही बाजूंच्या पंखांत. गिब्सन कंपनीने 1958 मध्ये ईएस-335 या नावाने ही रचना बाजारात आणली, त्यामागची अडचण व्यवहारातली होती. पूर्ण पोकळ गिटार मोठ्या आवाजात वाजवली की स्पीकरचा नाद तिच्या अंगात शिरून तारांना पुन्हा हलवतो आणि सगळा हॉल घोंगावू लागतो. मधल्या ठोकळ्याने ते घोंगावणे आवरले आणि पंखांनी पोकळ लाकडाचा थोडा श्वास राखला. या गिटारची वरची आणि मागची पाने प्लायची असतात. सुतारकामाचे शौकीन हे ऐकून नाक मुरडतात, पण एप्रिलच्या कोरड्या उन्हात आणि जुलैच्या ओलीत प्लाय एकसंध फळीपेक्षा कमी हलते.

तारेची थरथर विजेत उतरवतो तो पिकअप. चुंबकाजवळ केसाहून बारीक, इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे पाचेक हजार वेढे, एवढाच तो असतो. भोसरीत मोटर रिवाइंडिंगच्या दुकानांतून रिळांवर दिसते तिचीच ही नाजूक बहीण. मात्र असे वेटोळे फक्त गिटारच्या तारेचे ऐकत नाही. आसपास जे जे चुंबकीय क्षेत्र बदलते, ते सगळे त्याला ऐकू येते. आणि पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात बदलत्या चुंबकीय क्षेत्रांना तोटा नाही. शेजारच्या गाळ्यातले वेल्डिंग, कॉम्प्रेसर, सीएनसीचे ड्राइव्ह, जुन्या ट्यूबलाइटचे चोक, झाडून सारे पिकअपमधून ॲम्पपर्यंत पोचतात.

ही घरघर बेसूर असते म्हणावे तर तसेही नाही. भारतातली वीज 50 हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरचा गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो, म्हणून तो घुमतो 100 हर्ट्झवर. गिटारच्या जाड ई तारेवर तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवले की जो जी मिळतो, तो 98 हर्ट्झचा. म्हणजे एमआयडीसीतला प्रत्येक ट्रान्सफॉर्मर दिवसरात्र किंचित चढलेला जी गात उभा असतो. त्याच्या शेजारी नेमका लावलेला जी छेडला तर दोन्ही सूर एकमेकांवर घासून सेकंदाला दोन ठोके देतात. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, तिथली घुम 120वर, ए शार्प आणि बी यांच्या जवळजवळ मधोमध. तिथे कुठल्याच स्वराशी तिचे धड जमत नाही, म्हणून भांडणही कमी. इथे जी मेजरमधली संथ बॅलड वाजवणाऱ्याला मूळ सुरातच भागीदार मिळतो, आणि तोही चढा. असा षड्ज धरून बसणाऱ्या साथीदाराला कुठल्याही गवयाने मैफलीतून उठवले असते. औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. गाळ्यांत राहून वाजवणाऱ्यांनी रेकॉर्डिंगसाठी तोच वार धरावा, हे सांगायला ध्वनिशास्त्र शिकावे लागत नाही.

पिकअपमध्ये शिरणाऱ्या घरघरीवरचा उपाय गिब्सनच्याच सेथ लव्हर यांनी काढला. 1955 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि 1957 पासून त्यांचे नवे पिकअप गिटारवर दिसू लागले. शेजारी शेजारी दोन वेटोळी, वेढे उलट दिशांचे आणि चुंबकाची टोकेही उलट. बाहेरची घरघर दोन्हींत उलटसुलट शिरून स्वतःलाच खाते. तारेचा नाद मात्र दोन्हींत एकाच बाजूने येतो आणि त्याची बेरीज होते. एवढे करूनही गुणगुण उरली तर दोष बहुधा अर्थिंगचा. काही जण थ्री-पिनची अर्थची पिन काढून टाकतात आणि आवाज गेला म्हणून खूश होतात. गिटारच्या तारा ब्रिजमार्गे अर्थलाच जोडलेल्या असतात. तेव्हा ही युक्ती शॉकला दिलेले आमंत्रण आहे.

आता नॉब. जॅझसाठी मानेकडचा पिकअप निवडायचा, कारण तिथे तार ऐसपैस हलते आणि मूळ स्वर भरदार मिळतो. टोनचा नॉब 0.022 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमार्गे वरचे नाद जमिनीत सोडतो. तो थेट शून्यावर नेण्याची नवख्यांना घाई असते. मग सूर कोंदतो, दोन कॉर्डमधला फरक कळेनासा होतो आणि त्यालाच जॅझ म्हटले जाते. चार ते सहाच्या मध्ये कुठेतरी थांबावे. व्हॉल्यूम सातवर आणला तरी धार थोडी बोथट होते, कारण लांब केबलही छोट्या कपॅसिटरचेच काम करते.

ॲम्पवर आधी बास उतरवावा. दहा फूट रुंदीची खोली 110 हर्ट्झच्या आसपास घुमते, आणि गिटारची ए तार नेमकी 110ची. फ्लॅटच्या बेडरूममध्ये गोड वाटलेली सेटिंग मंचावर पातळ पडते ती याचमुळे. मिडल राखावा, ट्रेबल निम्म्याच्या खाली, रिव्हर्ब चवीपुरता. तारा फ्लॅटवाउंड, 12 ते 52 गेजच्या, तिसरी तारही गुंडाळलेली. महाग पडतात, पण बोटे सरकताना येणारी चरचर जाते आणि त्या दीर्घकाळ टिकतात.

उरतो हात. इंडियानापोलिसचे जॅझ गिटारवादक वेस माँटगोमरी (1923-1968) प्लेक्ट्रमऐवजी अंगठ्याने वाजवत. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून त्यांनी ही सवय लावून घेतली, असे सांगतात. आधीच्या पिढीतला गिटारवादक चार्ली ख्रिश्चन याचे सोलो त्यांनी रेकॉर्ड ऐकून तोंडपाठ केले होते. नोटेशन वाचता येत नव्हते. सकाळी 7 ते दुपारी 3 रेडिओच्या कारखान्यात काम, रात्री एका बारमध्ये वादन, मध्यरात्रीनंतर दुसऱ्या ठिकाणी पहाटेपर्यंत. घरी बायको आणि सात मुले. आकुर्डी-चिंचवडच्या वाचकाला फर्स्ट शिफ्टचे हे वेळापत्रक समजावून सांगावे लागणार नाही. अंगठ्याच्या मांसल भागाने तार सोडली की खट् असा आरंभ येत नाही, स्वर थेट मधूनच सुरू झाल्यासारखा येतो. हा गोलावा कुठल्याही नॉबवर मिळत नाही. माँटगोमरींची गिटार एल-5 होती, पूर्ण पोकळ. अंगठ्याला त्याचा काही फरक पडत नाही.

मराठी कानाची घडण मात्र उलट दिशेची. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी कानशीने घासून आणि तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात, ती वरचे नाद फुलवण्यासाठी. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जवारीवर वाढलेल्याला जॅझचा टोन पहिल्यांदा बसलेल्या गळ्याचा वाटतो, आणि ती तक्रार अगदीच चुकीची नाही. मुंबईत गोवेकर कुटुंबात 1936 साली जन्मलेले गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा लंडनला गेले आणि 1969 मध्ये सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासोबत त्यांनी ‘हम दोनो’ हा अल्बम केला. त्यात गिटारचा नाद जॅझचाच आहे, पण ओळी लांबतात, एका स्वरावर रेंगाळतात, रागासारख्या उलगडतात. टोन लावून झाल्यावर ऐकायला तो घ्यावा.