बाबांची लेन्स, नवा कॅमेरा

माहेरहून मला मिळालेली किमती वस्तू म्हणजे एक लेन्स. बाबा अकोल्याला गिरणीत कामाला होते. सुटीच्या दिवशी वस्तीतल्या मंगल परिणयाचे, नामकरणाचे फोटो काढत. कॅमेरा झेनिट-ई, तोही सेकंडहॅन्ड. तो कधीच बंद पडला, पण त्याची सोव्हिएत बनावटीची लेन्स, हेलिओस ४४-२, आजही ठणठणीत आहे. ५८ मिलिमीटरची, अॅपर्चर २ पर्यंत उघडणारी, सगळी धातूची. युद्धापूर्वीच्या जर्मन बायोटार लेन्सवरून ती घडविली गेली. बाबांचा एकच नियम असे, "काचेले बोट लावू नको, पोरी."

लग्नानंतर अमरावतीला आले. पुढे डिजिटल कॅमेरे आले तेव्हा एका दुकानात ही लेन्स दाखविली. "पेपरवेट म्हणून ठेवा," असे उत्तर मिळाले. त्या वेळच्या कॅमेऱ्यांपुरते ते अगदीच खोटे नव्हते. या लेन्सच्या बुडापासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिलिमीटर अंतर लागते. आरशाच्या निकॉन कॅमेऱ्यात ते ४६.५ असते. या एका मिलिमीटरने घात होतो. जवळचे दिसते, पण दूरचे स्पष्ट होत नाही.

मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही. सोनीच्या कॅमेऱ्यात हे अंतर फक्त १८ मिलिमीटर आहे. उरलेले साडेसत्तावीस मिलिमीटर भरून काढायला एक पोकळ धातूची बांगडी पुरते, तिलाच अॅडाप्टर म्हणतात. आत काच नाही, तार नाही. मुलीने शिकवणीच्या पैशांतून जुना सोनी घेतला आणि मी नऊशे रुपयांचा अॅडाप्टर मागविला. एवढ्या उजेडाची नवी लेन्स घ्यायची तर याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात.

कॅमेऱ्याला लेन्स बसली आहे हे कळत नाही, म्हणून मेनूत जाऊन 'लेन्स नसतानाही शटर चालू द्या' ही सोय सुरू करावी लागते. मग फोकस हाताने. पडद्यावर कडा रंगवून दाखविण्याची सोय आहे, पण अॅपर्चर २ वर ती फसवते. मी चित्र मोठे करून डोळ्याचे बुबुळ पाहते. छोट्या सेन्सरवर ५८ ची लेन्स ८७ सारखी वागते, चेहऱ्यासाठी उत्तम. १४ एप्रिलला इर्विन चौकात मात्र इतका वेळ कोण देतो? तिथे अॅपर्चर ८ आणि अंतर पाच मीटर ठरवून टाकते. चार ते सहा मीटरमधली माणसे स्पष्ट येतात, फोकसला हात लावावा लागत नाही.

खरे काम विहारात असते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसमोर जी माणसे होती, त्यांतली तेव्हाची दहा-बारा वर्षांची मुले आज ऐंशीच्या आसपास आहेत. अशाच एक आजी संध्याकाळी विहाराच्या दारात बसतात. आईचे बोट धरून त्या दीक्षाभूमीवर गेल्या होत्या. घरात त्यांचा फोटो विचाराल तर आधारकार्डावरचा, तेवढाच. फ्लॅश न लावता, दारातल्या उजेडात बसविले. फोकस जुळवायला वेळ लागत होता.

"आजी, हलू नका जरा."

"हालून कुठी जाऊ वं बाई आता?"

आणि हसल्या. तेच हसू आले. मागची भिंत विरघळलेली, पांढऱ्या लुगड्याचा पदर आणि डोळे तेवढे लख्ख.

भगिनींनो, घरात माळ्यावर बंद कॅमेरा असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी लेन्स काढून पाहा. स्क्रूसारखी फिरून निघाली तर बहुधा एम-४२, झेनिटचीच जात. खटक्याने निघाली तर यशिका, पेन्टॅक्स, निकॉन यांचे अॅडाप्टर वेगवेगळे. नाव वाचून मागवा. आतून टॉर्च मारून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसले तर ती बुरशी. घरी उघडण्याची खटपट करू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात मी लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवते.

आतापर्यंत अकरा जणांचे फोटो झाले. अकोल्याच्या आमच्या गल्लीत अजून चौघे आहेत. त्यातल्या एका काकांना आता ऐकू येत नाही. आश्विन पौर्णिमेपर्यंत थांबायचे नाही असे मुलगी म्हणते. या रविवारीच जातो आहोत.