मागचं दिसू दे

गेल्या हिवाळ्यात माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट होती. तिचं नाव ‘कॅमेरा_फायनल_फायनल_२’. त्यात दोन कॉलम आणि सतरा ओळी होत्या. डावीकडे सोनी ए६४००, उजवीकडे फुजीफिल्म एक्स-टी३०. प्रत्येक ओळीला मी दहापैकी मार्क दिले होते, ओळीच्या महत्त्वाप्रमाणे वजनं लावली होती आणि खाली बेरीज होती. बेरीज सोनीच्या बाजूने आली की मी वजनं थोडी बदलायचो. मग ती फुजीच्या बाजूने यायची. मग मला सोनीबद्दल वाईट वाटायचं. असे चार महिने गेले.

मी मूळचा नांदेडचा. इंजिनिअरिंग तिथंच केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या घरात फोटो काढण्यासाठी म्हणून पैसे खर्च करण्याची पद्धत नाही. वडिलांच्या मते फोन एवढा महाग घेतलाय तर त्यातच कॅमेरा आहे की. त्यामुळे सेकंडहँड का होईना, पण आयुष्यातला पहिला कॅमेरा घेताना चुकायची मला भीती वाटत होती. चुकलो असतो तर ‘म्हणलं नव्हतं का’ हे वाक्य पुढची दहा वर्षं ऐकावं लागलं असतं.

दोन्ही कॅमेरे २०१९चे. दोन्हींचा सेन्सर एपीएस-सी मापाचा, म्हणजे साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटर. माझ्या फोनमधल्या अर्धा इंची म्हणवणाऱ्या सेन्सरच्या तुलनेत क्षेत्रफळ जवळपास बारापट. सोनी २४ मेगापिक्सेल, फुजी २६. हा फरक कुणाच्या बापाला दिसत नाही. बॅटरी आणि कार्डासकट सोनी ४०३ ग्रॅम, फुजी ३८३. दोघांच्याही बॉडीत हात हलल्यावर सावरून घेणारं स्टॅबिलायझेशन नाही; ते लेन्समध्ये असेल तरच. सोनी सेकंदाला ११ फोटो काढतो, फुजी मेकॅनिकल शटरवर ८. इथपर्यंत दोघं भाऊ-भाऊच.

फरक हातात घेतल्यावर कळतो, असं सगळे म्हणतात. मला दोन्ही हातात मिळाले ते योगायोगाने. लातूरचा मामेभाऊ लग्नांचे फोटो काढतो, त्याच्याकडे सोनी आहे. कॉलेजातल्या मित्राकडे फुजी आहे, आणि तो तेव्हा नांदेडला आला होता. दोघांकडून चार दिवसांसाठी कॅमेरे मागून घेतले. दिवसही मोजून निवडले होते. मार्गशीर्षातली माळेगावची यात्रा आणि तिला लागूनच येणारी येळवस.

नांदेड जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, लाल कंधारी आणि देवणी जनावरं, वाघ्या-मुरळी, तमाशाचे फड आणि या सगळ्यावर भंडाऱ्याचा पिवळा थर. कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला याहून अवघड पेपर नाही. धूळ आहे, हळद आहे, उजेड झपाट्याने उतरतोय आणि समोरचं एकही जनावर तुमच्यासाठी थांबणार नाही.

घोड्यांच्या बाजारात सोनीने मला गप्प केलं. स्क्रीनवर घोड्यावर बोट ठेवलं की ती छोटी चौकट त्याला सोडतच नव्हती. घोडा वळला, मध्ये माणूस आला, तरी चौकट परत घोड्यावर. मी वीस फोटो काढले, सोळा शार्प. फुजीवर तोच घोडा, तोच रस्ता: वीसपैकी नऊ. धुळीच्या बाबतीतही सोनीची बॉडी धूळ आणि ओलावा लक्षात घेऊन बनवल्याचं कंपनी सांगते. एक्स-टी३०बद्दल तसा दावाच नाही. फुजीच्या डायलच्या खाचांतला भंडारा मी नंतर दात घासायच्या ब्रशने काढला आणि मित्राला हे अजून सांगितलेलं नाही.

पण रात्री लॉजवर फोटो बघताना मजा झाली. फुजीचे जेपेग तसेच्या तसे पाठवावेत असे होते. क्लासिक क्रोम नावाची त्यांची एक रंगछटा आहे; तिच्यात भंडारा भडक न होता भंडाऱ्यासारखा दिसत होता. सोनीचे रॉ फोटो लॅपटॉपवर बसून नीट केले तर त्याहून चांगले होऊ शकले असते. ‘बसून नीट केले तर’ या शब्दांवर मी जरा थांबलो. माझ्या हार्डडिस्कवर मित्राच्या कॅमेऱ्याने काढलेले कॉलेज ट्रिपचे रॉ फोटो आहेत. त्या ट्रिपला सात वर्षं झाली.

त्याच रात्री झोप येईना म्हणून मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. कॅमेरे सोडून स्वतःचे फोटो तपासले. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहिती दडलेली असते: वेळ, शटर स्पीड, आयएसओ, लेन्सची फोकल लेंग्थ. (व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आलेल्यांत ती नसते, त्यामुळे गुड मॉर्निंगवाली फुलं आपोआप गळतात.) पायथनच्या तीसेक ओळी लिहिल्या आणि फोनमधल्या साडेअकरा हजार फोटोंवर चालवल्या.

निकाल असा. निम्म्याहून जास्त फोटो घरातले किंवा अंधार पडल्यानंतरचे. बहुतेकांत माणसं. घोडे शून्य. आणि जवळपास सगळे फोटो फोनच्या मुख्य लेन्सने काढलेले, म्हणजे फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात २६ मिलिमीटर, बऱ्यापैकी वाइड. माझ्या एक्सेल शीटमध्ये सगळ्यांत जास्त वजन होतं ऑटोफोकस ट्रॅकिंगला. आयुष्यात एकदाही पळत्या जनावराचा फोटो न काढलेला माणूस पळत्या जनावरासाठी कॅमेरा निवडत होता.

‘वाइड’वाला भाग मात्र मी मनावर घेतला नाही. फोनला तीच लेन्स धड आहे म्हणून तसं झालं असेल, असं समजलो. खरा कॅमेरा घ्यायचा तो मागचं सगळं विरघळवणाऱ्या लेन्ससाठीच की. मामेभावाच्या सोनीवर सिग्माची ३० मिलिमीटर एफ १.४ लेन्स होती. गणित सोपं आहे: किट लेन्सच्या एफ ३.५पेक्षा एफ १.४ला सव्वासहापट उजेड आत येतो. ट्यूबलाइटखाली जिथं किट लेन्सला आयएसओ ५००० लागेल तिथं ही ८००वर भागवते. शिवाय मागचं धूसर होतं, आणि फोटो ‘कॅमेऱ्याने काढलेला’ वाटतो.

येळवसला आजीकडे गेलो. माझं आजोळ औसा तालुक्यात, किल्लारीच्या पट्ट्यातलं. म्हणजे आजीचं गाव नवं आहे. सरळ रस्ते, सारख्या अंतरावर घरं, घरांना नंबर. जुनं गाव ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी गेलं. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. ऊन-थंडीला उत्तम असलेली ती घरं भूकंपात माणसांच्या अंगावर बसली. आठ-दहा हजार माणसं गेली. त्यात माझी एक मावशी होती. ती दहा वर्षांची होती आणि तिचा एकही फोटो नाही. घराचाही नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण पाढ्यासारखं माहीत होतं.

शेतात कोपीची पूजा झाली, भज्जी-आंबील झालं. घरी आल्यावर आजी दारात बसली तेव्हा मी सोनी काढला. तिने पदर तोंडावर ओढला.

“काडू नको रं. लई काडलेत लोकांनी.”

“कोणी काढले आजी?”

“भुकंपात. पत्र्याच्या शेडाम्होरं बसवून काडले. मोठमोठ्याल्या मशिनी होत्या. आमी रडलालो आन् ते काडलाले.” मग जरा थांबून म्हणाली, “काडले तर काडले. पर एकानं बी आनून दिला नाही.”

मी कॅमेरा खाली ठेवला. तिला फोटोचा राग नव्हता. तिचा हिशेब साधा होता: घेतलं ते परत आलं नाही. मी म्हणालो, “मी आणून देतो. परवा निघायच्या आत.” तिने पदर काढला. “बग बरं,” म्हणाली. हे फोटोला म्हणाली की माझ्या शब्दाला, ते मला कळलं नाही.

सोनीवर सिग्मा लेन्सने एफ १.४ला दहा-बारा फोटो काढले. फोकस दर वेळी तिच्या जवळच्या डोळ्यावर. तिने पापणी मिटून उघडली तरी चौकट तिथंच. मग मित्राचा फुजी काढला, त्यावर १८-५५ लेन्स होती. सवयीने वाइड टोकालाच राहिलो. तेवढ्यात शेजारची म्हातारी आली, आजी हसली, मी दोन-तीन वेळा दाबलं.

दुसऱ्या दिवशी लातूरला गेलो. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एकाच्या आत मामेभावाचा स्टुडिओ आहे. त्याने दोन फोटो मोठे छापले. सोनीचा बघून तो म्हणाला, “हा बघ, ह्याला म्हणतात पोर्ट्रेट.” खरंच होतं. प्रत्येक सुरकुती, डोळ्यात उजेडाचा ठिपका, मागे मऊ तपकिरी धुकं. फुजीच्या फोटोत आजीचा हात हलून अस्पष्ट झाला होता आणि फ्रेममध्ये काय काय होतं: दार, दारावरचं तोरण, घराचा नंबर, तुळस, पाण्याची टाकी, शेजारणीचा अर्धा हात.

संध्याकाळी दोन्ही आजीच्या हातात दिले. सोनीवाला तिने बराच वेळ पाहिला.

“हे कुटं काडलास?”

“इथंच की, दारात.”

“मग दार कुटं हाय?”

मी तिला एफ १.४ कसं समजावणार होतो? तिने तो बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. बोट फिरवत एकेक वस्तू मोजली. तुळस. टाकी. नंबर. शेवटी म्हणाली, “ह्येच्यात घर दिसतंय.” आणि तो घेऊन आत गेली.

ज्या बाईचं एक आख्खं घर फोटोशिवाय गेलं, तिच्या दुसऱ्या घराला मी पैसे देऊन धूसर करायला निघालो होतो.

मामेभावाला हे सांगितलं तर तो हसला. “अरे, मग लेन्स एफ ८ला करायची आणि चार पावलं मागं जायचं. कॅमेऱ्याचा काय दोष?” त्याचं शंभर टक्के बरोबर आहे. पण मला स्वतःचं वागणं माहीत आहे. एफ १.४चे पैसे भरले की मी एफ १.४च वापरणार.

शेवटी मी फुजी घेतला, १८-५५सकट. कारणं लिहून ठेवतो, कुणाला उपयोगी पडली तर. माझे फोटो वाइड आणि घरातले. ही लेन्स वाइड टोकाला एफ २.८ उघडते, लांबच्या टोकाला एफ ४. सोनीची १६-५० किट लेन्स एफ ३.५ ते ५.६. म्हणजे वाइडला दीडपट आणि लांबला दुप्पट उजेड जास्त. हात हलला तर सावरणारं स्टॅबिलायझेशन दोन्ही लेन्समध्ये आहे. मी लॅपटॉपवर बसून फोटो नीट करणार नाही हे सात वर्षांनी सिद्ध केलेलं आहे, तेव्हा जेपेग चांगले हवेत. किंमत मोजली ती अशी: सोनीची किट लेन्स ११६ ग्रॅमची, ही ३१० ग्रॅमची, म्हणजे गळ्यात पावणेदोनशे ग्रॅम जास्तच. आणि घोडे गेले ते गेलेच.

मामेभावाने मात्र सोनीच ठेवावा. लग्नात वधू-वर सतत हलतात, डोळ्यावरचा फोकस तिथं पोट भरतो. शिवाय एक्स-टी३० ४के व्हिडिओ एका वेळी दहा मिनिटांवर थांबवतो. ए६४००ला तशी मर्यादा नाही. मंगलाष्टकं चालू असताना थांबलेला कॅमेरा म्हणजे बुडालेलं गिऱ्हाईक.

तुम्ही दोन कॅमेऱ्यांत अडकला असाल तर आधी तुमच्या फोनमधले शेवटचे हजार फोटो बघा. स्क्रिप्ट लिहायची गरज नाही, नुसते वर सरकवत जा. उजेड किती होता, समोर कोण होतं, तुम्ही किती लांब उभे होतात. आणि त्यातले किती फोटो फोटोतल्या माणसापर्यंत पोचले.

या प्रश्नाला माझं उत्तर लाजिरवाणं होतं. आता थोडं बरं आहे. उन्हाळ्यात गेलो तेव्हा आजीने गल्लीतल्या म्हाताऱ्यांना माझ्यासमोर ओळीने आणून उभं केलं. प्रत्येकीला तिच्या दारात, मागचं दिसेल असं. एकूण चौदा घरं झाली. छापून अकरा दिलेत. तीन राहिलेत, आणि आजी दर रविवारी फोनवर तेवढंच विचारते.