गळाला दिलेलं पाणी

सोळा नंबरचा गळ शिजलेल्या बासमतीच्या दाण्याएवढा असतो. तो छोट्या व्हाइसमध्ये धरून मी त्याच्यावर दोरा गुंडाळत होते. बसलाय का नीट, हे बघायला अंगठ्यानं जरासा दाबला, तर तो खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. मागून पप्पांचा आवाज आला, "कच्चा आहे. पाणीच नाही दिलेलं त्याला."

पप्पा मागे उभे आहेत हे मला माहीतच नव्हतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तीन वर्षांत पहिल्यांदा ते लोखंडाबद्दल काहीतरी बोलले होते.

आम्ही बजाजनगरात राहतो. इथल्या निम्म्या घरांसारखं आमचंही घर वाळूज एमआयडीसीवर चाललं. पप्पा तिथल्या एका व्हेंडर कंपनीत हीट ट्रीटमेंटला होते, बावीस वर्षं. भट्टीची शिफ्ट करून आले की त्यांच्या शर्टाला जळक्या तेलाचा वास यायचा. मी मेकॅनिकल केलं ते त्यांच्यामुळे, आणि कॅम्पसमध्ये सॉफ्टवेअर कंपनी आली म्हणून सॉफ्टवेअरमध्ये गेले ते पगारामुळे. आता पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते. तीन वर्षांपूर्वी पप्पांची नोकरी गेली. का गेली, हे घरात कुणी विचारलं नाही.

आता हे गळाचं खूळ. ऑफिसातल्या दोघातिघांनी हिमाचलला तीर्थन नदीवर ट्राउट पकडायला जायचं ठरवलं आणि मला ओढलं. ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. इथला नव्हेच. इंग्रजांनी करमत नाही म्हणून त्याची अंडी आणली, आधी काश्मीरला आणि मग १९०९ च्या सुमारास कुल्लूला. तो पाण्यावरचे किडे खातो, म्हणून त्याच्यासाठी गळावर पिसं आणि दोरे बांधून किड्याचं सोंग करतात. त्याला फ्लाय म्हणतात. बांधलेल्या फ्लाय विकत मिळतात, पण व्हिडिओ बघून बघून मला वाटलं, आपणच बांधू. सामान तर आपल्याकडेच आहे. फ्लाय बांधणारे जगभर ज्याच्यावर जीव टाकतात तो मोरपिसाचा तंतू आजोळच्या शेतात गळून पडलेला मिळतो. चमकीसाठी पैठणच्या एका विणकरांनी उरलेल्या जरीचं गुंडाळं दिलं. कोंबड्याच्या मानेची पिसं कुठून आणली हे आईला अजून माहीत नाही.

गळ मात्र मी ऑनलाइन घेतले. शंभराचं पाकीट, सगळ्यात स्वस्त.

पप्पांनी स्टूल ओढलं. दुसरा गळ घेतला, व्हाइसमध्ये वाक धरला आणि दांडी बोटानं दाबली. वाकला. तिसरा दाबला, तो सरळ तुटला. टुक. तुकडा कुठे गेला कळलंच नाही. "चष्मा घाल आधी," म्हणाले. चौथा परत वाकला. "एकाच पाकिटात कच्चं पण आणि करपलेलं पण. भट्टीत नुसतं ओतलेलं दिसतंय."

आपल्याकडे विळ्याला, कोयत्याला 'पाणी देणं' म्हणतात ते हेच. लोहार लालभडक पातं पाण्यात बुडवतो तसंच कारखान्यात होतं, फक्त तिथे तेल असतं आणि तापमानाचा काटा असतो. जास्त कार्बनची तार ८०० अंशांच्या वर तापवायची आणि झटकन तेलात सोडायची. ती कडक होते, पण काचेसारखी. मग पुन्हा बऱ्याच कमी तापमानाला तापवून धरायची, म्हणजे कडकपणा थोडा उतरतो आणि लवचीकपणा येतो. ते टेम्परिंग. हे मी चौथ्या सेमिस्टरला शिकले होते, आलेख काढून. पप्पा म्हणाले, "पहिलं काम भट्टी करते. दुसरं माणसाला करावं लागतं. घाई झाली की लोक दुसरंच खातात."

त्या रात्री आम्ही पाकिटातले चाळीस गळ तपासले. वाकून परत येणारे निघाले नऊ.

माझा समज होता की दणकट गळ म्हणजे जाड गळ. तसं थोडंफार आहेही. तारेची जाडी १० टक्के वाढवली की वाकायला लागणारा जोर सुमारे ३३ टक्के वाढतो, कारण तिथे व्यासाचा घन येतो. वजन २१ टक्केच वाढतं, कारण तिथे वर्ग येतो. ऐकायला फायद्याचा सौदा. पण पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला ते २१ टक्केही जड जातात. ती बुडाली की सोंग संपलं. म्हणून तरंगणाऱ्या फ्लायसाठी बारीक तार आणि बुडवायच्या फ्लायसाठी जाड. पाकिटावर वन-एक्स, टू-एक्स स्ट्राँग असं लिहिलेलं असतं, म्हणजे गळ या नंबरचा पण तार त्याहून मोठ्या नंबरच्या गळाची. (नंबर वाढला की गळ लहान होतो. हे ज्यानं ठरवलं त्यानं बहुतेक आमचं लेगसी कोडही लिहिलं असावं.) आणि प्रत्येक कंपनीचा एक्स वेगळा, त्यामुळे लेबलावर विसंबून राहता येत नाही.

तोंडाची रुंदी हाही भाग आहे. गळाचं टोक दांडीपासून जितकं लांब, तितका मासा चांगला अडकतो आणि तितकाच गळ उघडायलाही सोपा जातो. लांब पान्यानं नट सहज फिरतो तसं. चांगल्या गळाचा वाक दोन्ही बाजूंनी ठोकून चपटा केलेला असतो. मी तो नखानं चाचपून पप्पांना दाखवला, तर म्हणाले, "हां, मग रुळासारखं झालं ना. उभा रूळ वाकत नाही." माझ्या पुस्तकात यासाठी दीड पान होतं.

एच. एस. थॉमस नावाच्या मद्रासकडच्या अधिकाऱ्यानं १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' लिहिलं, त्यातला मुख्य मासा आपला महसीर. महसीरपुढे नाजूक गळ टिकत नाहीत. त्याच्या जबड्यात दात नाहीत, ते घशात असतात, पण तोंडाची पकड अशी की हलका गळ चेपून टाकतो. ट्राउट त्यामानानं सज्जन. तरी वाहत्या पाण्यात अर्ध्या किलोचा मासा उलटा पळाला की कच्चा गळ सरळ होऊन रिकामा परत येतो.

मग मी विचारलं, सगळ्यात दणकट गळ घेतला की प्रश्न मिटला ना? पप्पा म्हणाले, "आणि मग दोरी तुटंल. काहीतरी तुटणारच आहे. काय तुटावं ते तू ठरव." मशीनमध्ये एक मऊ पिन मुद्दाम ठेवतात, जोर जास्त झाला की ती तुटते आणि गिअर वाचतो. आम्ही कोडमध्ये सर्किट ब्रेकर लावतो तो याचाच भाऊ. मासेमारीत ती पिन म्हणजे टोकाचा बारीक दोरा. गळ त्याच्याहून दणकट हवा, रॉड तर हवाच.

दुसऱ्या आठवड्यात चांगले गळ आले, महागाचे. त्यांत काही चकचकीत प्लेटिंगचे होते. पप्पांनी ते बाजूला काढले. मी म्हटलं, का? हे तर सगळ्यात कडक आहेत.

"म्हणूनच," म्हणाले, आणि बराच वेळ डबीचं झाकण उघडझाप करत राहिले.

कडक पोलादाला प्लेटिंग करताना त्यात हायड्रोजन शिरतो. तो बाहेर काढायला प्लेटिंगनंतर लगेच २०० अंशांच्या आसपास काही तास भाजावं लागतं. नाही भाजलं तर वरून काहीच दिसत नाही. हार्डनेस बरोबर येतो, माप बरोबर येतं. एकदोन दिवसांनी, ताणाखाली असताना, तो भाग आपोआप तडकतो.

"पिना होत्या," पप्पा म्हणाले. "ओव्हन बंद पडलेला. गाडी गेटवर उभी. मॅनेजर म्हणाला, जाऊ दे. मी सही केली."

पिना गिऱ्हाइकाच्या लाइनवर तुटल्या. कुणाला लागलं नाही. सगळा लॉट परत आला. मला वाटत होतं कंपनीनं काढलं. तसं नव्हतं, पप्पांनीच राजीनामा दिला होता. मी म्हटलं, मॅनेजरनं सांगितलं म्हणून केलं ना तुम्ही. ते म्हणाले, "सही कुणाची होती?" यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. मागच्या वर्षी शुक्रवारी संध्याकाळी टेस्ट लाल असताना मी एक बिल्ड पुढे ढकलला होता, तो आठवला. मी तो त्यांना सांगितला नाही.

प्लेटिंगचे गळ आम्ही व्हाइसमध्ये ताण देऊन दोन दिवस तसेच ठेवले, आळीपाळीनं. एकही तडकला नाही. चांगल्या कंपनीचे होते, भाजलेले असणार. पप्पांनी ते तरीही मला दिले नाहीत.

राहिला गळाचा उलटा काटा. मासा पकडून सोडायचा असेल तर तो पक्कडीनं चेपून टाकतात, म्हणजे गळ सहज निघतो. इथेच कडक गळ दगा देतो, काटा चेपताना टोकच तुटतं. पप्पांनी पक्कड आडवी न धरता टोकाच्या रेषेत धरून हळू दाबायला शिकवलं. तीस गळांत दोन गेले.

एप्रिलमध्ये तीर्थनला गेलो. परमिट काढलं, गुशैणीच्या वर बर्फाच्या पाण्यात गुडघाभर उभी राहिले. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मोरपीस आणि पैठणच्या जरीची फ्लाय एका दगडामागे गेली आणि दोरा जड झाला. दहाएक सेकंद. तपकिरी पाठ, लाल ठिपके, एवढंच दिसलं. मग दोरा हलका.

रेंज आली तेव्हा पप्पांना फोन केला.

"गळ सरळ झाला का?"

"नाही. दोरा तुटला."

"म्हणजे गळ त्याच्या तोंडातच राहिला."

"हो."

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता.

"काटा चेपलेला होता ना?"

"होता."

"नीट?"

"पप्पा, तुम्हीच चेपला होता तो."

"बरं," ते म्हणाले. "मग टाकंल झटकून." आणि तिकडे थंडी किती आहे ते विचारलं.