चढण सुरू होण्याआधीची खोपोली

मुंबईहून जुन्या रस्त्याने पुण्याकडे निघालेल्या प्रवाशाला खोपोली लागते, तेव्हा समोर सह्याद्रीची भिंत उभी असते. पावसाळ्यात तिच्यावरून धबधबे कोसळतात आणि डोंगरउतारावरचे जाडजूड लोखंडी नळ धुक्यातून मधूनच दिसतात. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचे पाणी या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली उतरते आणि वीजकेंद्राची चक्रे फिरवते. टाटांचे हे केंद्र १९१५ साली सुरू झाले. पायथ्याशी या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ५० किलो भरतो.

प्रवासी इथे चहा-वडा घेऊन पुढे निघतात. जुन्या ट्रकचा ड्रायव्हर मात्र खाली उतरून आधी गाडीच्या पोटाखाली वाकतो. पुढे बोरघाट आहे. गाड्यांसाठी हा घाटरस्ता १८३० साली खुला झाला. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, पण कोणत्याही वाटेने गेले तरी सह्याद्रीची चढण चुकत नाही. वर जाताना इंजिनाची आणि खाली येताना ब्रेकची परीक्षा ठरलेली.

ट्रकच्या पोटाखालीही नळांचे जाळे असते. टाकीतून इंजिनाकडे डिझेल नेणारे, ब्रेकसाठी हवा किंवा तेल नेणारे. नळ सहसा मधे फुटत नाही; तो दगा देतो जोडावर. रस्त्याकडेच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीचे अर्धे आयुष्य या जोडांपाशी जाते.

डिझेलच्या नळाचा जोड दिसायला अगदी साधा. नळाच्या टोकावर आधी नट, मग करंगळीत जेमतेम बसेल अशी पितळी रिंग. नट आवळला की रिंग दोन्ही बाजूंनी दाबली जाते आणि नळाला घट्ट चावते. इंग्रजीत तिला ऑलिव्ह फळाचे नाव आहे, कारण तिची कड तशीच फुगीर असते. रिंग एकदा चावली की तिचा आकार कायमचा ठरतो. जुनी रिंग नव्या जागी नीट बसत नाही, हे न जाणणारा माणूस गळती दिसली की नट आणखी आवळतो. रिंग चेपते, नळ दबतो आणि गळती वाढते.

गळतीचेही प्रकार आहेत. टाकीला चीर गेली, तर ड्रायव्हर साबणाची वडी घासून ती तात्पुरती बुजवतो. हवेच्या नळावर मिस्त्री साबणाचा फेस लावतो; बुडबुडा आला की जागा सापडली. पण टाकी आणि फीड पंप यांच्या मधला जोड सैल झाला, तर बऱ्याचदा खाली एक थेंबही पडत नाही. पंप डिझेल ओढतो तेव्हा त्या फटीतून उलट हवा आत शिरते. मग सपाटीवर ठीक चालणारी गाडी चढणीवर गचके खाते आणि बंद पडते. गॅरेजच्या भाषेत, 'गाडीने एअर घेतली'.

अशीच एक जुनी गाडी भर दुपारी गॅरेजसमोर उभी राहते. माल संध्याकाळच्या आत पुण्याला पोचवायचा असतो. मिस्त्री खाली शिरतो. खराब झालेले टोक कापतो, कापलेली कड कानशीने घासून साफ करतो, नवी रिंग चढवतो. नट आधी, रिंग नंतर. नवशिका क्लीनर हाच क्रम विसरतो आणि सगळे पुन्हा उलगडावे लागते. नट हाताने पुरता बसला, की एका पान्याने जोड धरायचा आणि दुसऱ्याने साधारण एक-सव्वा फेरा द्यायचा. त्याहून जास्त नाही. मग हातपंप मारून एअर काढायची. इंजिन एका दमात सुरू होते. ड्रायव्हर खिशात हात घालतो.

मिस्त्री मात्र अजून खालीच असतो. मागच्या चाकाजवळचा ब्रेकचा नळ त्याला ओला दिसलेला असतो. या गाडीच्या चाकांपर्यंत तेलाचा ब्रेक जातो आणि वाटेत कुणीतरी तो नळ कापून तिथे डिझेलच्या नळासारखाच रिंगचा जोड बसवलेला असतो.

"मिस्त्री, तिथंही नवी रिंग टाका की. वर तर चढायचंय, ब्रेक कुठं लागतोय?" ड्रायव्हर घाईला येतो.

"चढणीवर बंद पडलेली गाडी मागं येते, भाऊ," मिस्त्री खालूनच सांगतो. "आणि मागं कुणाची तरी गाडी असते."

हट्ट वाटावा असे हे उत्तर, पण त्यामागे हिशेब आहे. टाकीकडून येणाऱ्या डिझेलच्या नळात दाब नाममात्र असतो. ब्रेक जोरात दाबला, तर तेलाच्या नळात डोंगरावरून उतरणाऱ्या त्या पाण्याइतका, कधी त्याहूनही जास्त दाब क्षणात चढतो. तिथे रिंगच्या पकडीवर भरवसा ठेवता येत नाही. ब्रेकच्या पोलादी नळाचे टोक हत्याराने दुहेरी दुमडून फुलवतात आणि नटाखाली ते फुलच बसते. असा अखंड नळ नवा बनवायचा, तर दोन-तीन तास जातात. उशिरापायी मालकाचे बोल ऐकावे लागणार, भाड्यातून पैसे कापले जाणार, हे मिस्त्रीलाही ठाऊक असते. पण ज्या कामाने गाडी घाटात अडकेल, ते तो करत नाही.

आता हवेच्या ब्रेकसाठी नायलॉनचे नळ आले, नुसते दाबून बसवायचे जोड आले. २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांच्या इंजिनाला संगणक लावून तपासावे लागते. पितळी रिंगांचा डबा पूर्वीइतका उघडावा लागत नाही. तरी जुनी गाडी धावते आहे तोवर तो फळीवर राहणारच.

दिवेलागणीला काम संपते. मिस्त्री क्लीनरला गाडीत बसवून ब्रेक दाबून धरायला लावतो आणि जोडाखाली कोरडा पुठ्ठा सरकवतो. चहा पिऊन होईपर्यंत कुणी काही बोलत नाही. मग पुठ्ठा बाहेर येतो. ड्रायव्हर तो उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहतो. एकही डाग नसतो. तो पुण्याला फोन लावतो, "निघतोय. उशीर झालाय, पण येतोय," आणि गाडी घाटाकडे वळवतो.