आमदाराच्या दारात

सांगली

प्रिय ठमे,

पत्र पोचलं. आवडलं म्हणून ह्यांनाही वाचून दाखवलं. ह्यांचा पहिला प्रश्न, "ही तिथं विधानसभेत कशी शिरली? पास कुणी दिला?" माणूस मंत्रालयाच्या रांगेत उभा राहून घडलेला, दुसरं काय विचारणार!

पण खरंच, अमेरिकेतल्या, व्हर्जिनियाच्या रिचमंडची तुझी हकीकत भारी आहे. बंदुकीला लगाम घाला म्हणणाऱ्या लाल टी-शर्टातल्या आया एकीकडे आणि बंदुकीला हात लावाल तर बघा म्हणणारे केशरी बिल्लेवाले दुसरीकडे. दोघं एकाच लिफ्टमधून वर जातात, एकाच आमदाराच्या खोलीबाहेर ताटकळतात आणि तो दोघांनाही बसा म्हणतो. जानेवारी २०२० मध्ये तिथंच वीसेक हजार माणसं जमली होती आणि त्यातल्या कित्येकांच्या खांद्यावर रायफली होत्या, ते आम्ही टीव्हीवर पाहिलं होतं. आपल्याकडे मोर्च्यात झेंड्याची काठी जरा जाड असली तरी पोलीस काढून घेतात.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू विचारलंस, "आपल्याकडे असं कोणी करतं का गं?"

बंदुकीसाठी नाही करत, कारण तिथं आपल्या आमदाराच्या हातात काही नाही. शस्त्रं हा विषय राज्यघटनेनं केंद्राच्या यादीत टाकलाय. कायदा १९५९ चा, दिल्लीचा. परवाना जिल्हाधिकारी देतात, पण नियम दिल्लीचे. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती आली तेव्हा एका माणसाकडे तीनऐवजी एकच बंदूक ठेवायची, असं मूळ विधेयकात होतं. ओरड झाली आणि 'एक'चे 'दोन' झाले. नेमबाज खेळाडूंना वेगळी सवलत राहिली. लग्नात-मिरवणुकीत हवेत बार काढणं हा त्याच दुरुस्तीनं गुन्हा झाला. ती ओरड संसदेत झाली, सांगलीच्या विश्रामगृहावर नव्हे. आपल्या भागात परवान्याची बंदूक म्हणजे बहुतेक करून बँकेच्या दारात बसलेल्या माजी सैनिकाची बारा बोअर, नाहीतर डोंगराकडेला रानडुकरांपासून पीक राखणाऱ्याची. निवडणूक लागली की त्यातल्याही बऱ्याच पोलीस ठाण्यात जमा होतात. जी खरोखर माणसं मारते ती बहुतेकदा परवान्याची नसतेच. ती 'गावठी कट्टा' या नावानं पेपरात येते आणि तिच्यासाठी कोणी विधेयक मागत नाही.

पण आमदाराच्या दारात जाऊन वर्षानुवर्षं एक कायदा मागणं, हे आपल्याकडेही झालंय. मला माहीत असलेली सगळ्यात लांबलेली गोष्ट तर आपल्या याच सांगली-सातारा जिल्ह्यांतली आहे. आणि तिच्यातही शेवटी बंदूक आलीच. तू २०१३ मध्ये तिकडेच होतीस, तुला बातमीपुरतंच ठाऊक असेल, म्हणून सविस्तर लिहिते. चहा घेऊन बस.

डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, डॉक्टर झाले ते आपल्या मिरजेत. कबड्डी अशी खेळायचे की शिवछत्रपती पुरस्कार मिळाला. बारा-एक वर्षं दवाखाना चालवला आणि मग सोडला. १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती, म्हणजे अंनिस, उभी केली. तिचे अध्यक्ष कोण, तर आपल्या वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे प्रा. एन. डी. पाटील. सर स्वतः आमदार होते, मंत्रीही होते. निवेदन द्यायला आलेल्या माणसाला आमदार कसा हसून वाटेला लावतो, हे त्यांना खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी माहीत होतं.

मागणी साधी होती. भूत उतरवायला म्हणून माणसाला साखळीनं बांधून मारणं, मिरच्यांची धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं, साप चावलेल्याला दवाखान्यात न नेऊ देता मंत्र घालत बसणं, गुप्तधनासाठी नरबळी देणं, पोटातल्या गर्भाचं लिंग बदलून देतो म्हणून पैसे उकळणं, हे सगळं गुन्हा ठरवा. १९९५ मध्ये विधान परिषदेनं असा कायदा करा म्हणून ठरावही केला. मग काय, झालंच की, असं वाटेल तुला. अगं, तुमच्याकडे अधिवेशन दीड-दोन महिन्यांत आटोपतं, विधेयकाचं जे व्हायचं ते उन्हाळ्याआधी होऊन जातं. आपल्याकडे विधेयक 'विचाराधीन' असतं. हे एका फार टिकाऊ अवस्थेचं नाव आहे.

सरकारं बदलली. मुख्यमंत्री तर किती बदलले, मोजत बसायला नको. जानेवारी २००५ मध्ये वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेच्या वर माणसं गेली. त्याच वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात, नागपूरला, विधानसभेनं विधेयक मंजूर केलं आणि ते परिषदेत अडकलं. मग दोन्ही सभागृहांची समिती, मग लोकांकडून सूचना आणि हरकती, मग २००९ मध्ये विधानसभेची मुदत संपली. २०११ मध्ये विधेयक पुन्हा पटलावर.

या मधल्या काळात कार्यकर्ते काय करत होते? तू केलंस तेच, फक्त ऊन जास्त. आज सातारा जिल्ह्यात आठ आमदार, सांगलीत आठ. त्यांच्या बंगल्यावर सकाळी गर्दी असते. कुणाला बदली हवी, कुणाला पाणंद रस्ता, कुणाला दवाखान्याच्या बिलासाठी चिठ्ठी. त्या गर्दीत हे आपले कायद्याचा मसुदा घेऊन. साहेब निवेदन घेणार, फोटो निघणार, "माझा वैयक्तिक पाठिंबा आहे" असं म्हणणार. 'वैयक्तिक' म्हटलं की समजायचं, सभागृहात तोंड उघडणार नाही. नागपूरला धरणं, मुंबईला आझाद मैदान, सह्यांच्या मोहिमा. दाभोलकर लाल एसटीनं फिरायचे. 'साधना' साप्ताहिकाचे संपादक म्हणून आठवड्यातले दोन दिवस पुण्यात, उरलेलं सातारा नाहीतर सगळा महाराष्ट्र.

आणि आता तुझ्या केशरी बिल्लेवाल्यांकडे येते. विरोधकही नागरिकच होते गं, हे आपले लोक विसरतात. तेही आमदारांकडे जात होते, तेही निवेदनं देत होते. कुणी पसरवलं की सत्यनारायण घातला तर तुरुंगात जाल, कुणी म्हणालं वारी बंद होणार. साध्या वारकऱ्याला कुणी असं सांगितलं तर तो उठणारच. आमदार घाबरला, कारण मतदारसंघात दिंडी दरवर्षी येते आणि अंनिसचं व्याख्यान कधीतरी. मला इथं कुणाला भाबडं ठरवायचं नाही. काही हिंदुत्ववादी संघटनांचा प्रचार धडधडीत खोटा होता, पण "आमच्या श्रद्धेचं काय?" हा साध्या माणसाचा प्रश्न खोटा नव्हता आणि त्याला उत्तर देणं भागच होतं.

ते उत्तर कायद्यात सापडतं. त्यात एक कलम आहे, हा कायदा कशाकशाला लागू नाही ते सांगणारं. कधी वाच, मजा आहे. प्रदक्षिणा, यात्रा, हरिकीर्तन, भजन, प्रवचन चालेल. दिवंगत संतांचे चमत्कार सांगायला हरकत नाही. कान-नाक टोचा, जैनांचा केशलोच होऊ द्या. वास्तुशास्त्राचा सल्ला, जोशी-ज्योतिषी, अगदी नंदीबैलवालासुद्धा सुटला. जमिनीखालचं पाणी सांगणाराही सुटला. जत-आटपाडीकडं तळहातावर नारळ आडवा धरून पाणी दाखवणारा पाणाडी तुझ्या आजोबांच्या रानात आला होता, आठवतंय? तो कायदेशीर आहे, काळजी नको.

माझ्या ओळखीचे काही कडक विवेकवादी हे कलम वाचून चडफडतात. एवढी सूट दिल्यावर कायद्यात राहिलं काय म्हणतात. मला उलट वाटतं. ज्याला विरोध करायचाय त्याच्या शंकेचं एकेक टोक पकडून ते कागदावर मिटवलंय. हे काम व्यासपीठावर होत नाही, विरोधकाच्या समोर बसून होतं. दाभोलकरांनी ते केलं. देवाधर्माविरुद्ध त्या मसुद्यात एक शब्द नाही, असं ते सांगायचे. त्यांचे जुने सहकारी श्याम मानव यांनीही मसुद्यावर मेहनत घेतली. दोघांच्या संघटना वेगळ्या झालेल्या, तरी मसुदा एक.

ऑगस्ट २०१३. मुख्यमंत्री कराडचे पृथ्वीराज चव्हाण, गृहमंत्री तासगावच्या अंजनीचे आर. आर. पाटील. कायदा मागणारा साताऱ्याचा. तिघंही एका पट्ट्यातले, एकमेकांना ओळखणारे! ६ ऑगस्टला दाभोलकरांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की सात अधिवेशनांत विधेयक पटलावर आलं आणि एकदाही चर्चा झाली नाही. मुख्यमंत्र्यांनी पुरोगामी माणसांची निराशा केली, असंही बोलले. पोलीस संरक्षण दाभोलकरांनी कधीच घेतलं नव्हतं.

२० ऑगस्टला सकाळी पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर ते फिरायला निघाले होते. मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी गोळ्या झाडल्या. वय ६७. देहदान करायचं ठरवलेलं, पण खून म्हणजे शवविच्छेदन आलं, त्यामुळे तेही झालं नाही. साताऱ्यात मुलीनं, मुक्तानं, अग्नी दिला. कुठलाही विधी नाही. राख त्यांच्या शेतात पसरली.

खुनाच्या दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळानं वटहुकुमाला मंजुरी दिली. २४ ऑगस्टला राज्यपालांची सही झाली. डिसेंबरमध्ये नागपूरला १३ तारखेला विधानसभेनं आणि १८ ला परिषदेनं विधेयक मंजूर केलं. कायद्याचं पूर्ण नाव नरबळीपासून समूळ उच्चाटनापर्यंत इतकं लांब आहे की सगळे नुसतं जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, पाच ते पन्नास हजार दंड.

तेव्हापासून लोक सर्रास म्हणतात, अठरा वर्षं निवेदनांनी झालं नाही ते गोळीनं चार दिवसांत केलं. हे वाक्य मला मुळीच पटत नाही. जरा विचार कर, चार दिवसांत वटहुकूम निघाला तो कशावर? कोऱ्या कागदावर राज्यपाल सही करत नाहीत. मसुदा तयार होता, घासून-पुसून, हरकतींना उत्तरं देऊन, वारकऱ्यांशी बोलणी करून, बारा कलमांची अनुसूची ठरवून. सरकारकडे फक्त धैर्य नव्हतं, आणि त्या आठवड्यात गप्प बसायला धैर्यापेक्षा जास्त काहीतरी लागलं असतं. गोळी ज्यांनी झाडली त्यांना कायदा नकोच होता. त्यांना कायद्याचं श्रेय देणं म्हणजे अठरा वर्षं एसटीनं फिरलेल्या माणसांवर अन्याय आहे. गोळीनं कायदे होत असते तर कॉ. गोविंद पानसऱ्यांवर कोल्हापुरात गोळ्या झाडल्या तेव्हाही चार दिवसांत काहीतरी झालं असतं. १६ फेब्रुवारी २०१५ चा तो दिवस. आबा, म्हणजे आर. आर. पाटील, त्याच दिवशी मुंबईत कर्करोगानं गेले. आपल्या भागात त्या दिवशी कुणासाठी रडावं हेच कळत नव्हतं. पुढं कर्नाटकात कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्यावरही अशाच गोळ्या झाडल्या गेल्या. दाभोलकरांच्या खटल्याचा निकाल मे २०२४ मध्ये लागला. गोळ्या झाडणारे म्हणून दोघांना जन्मठेप, बाकी तिघं सुटले.

कायद्यानं काय झालं, हेही विचारशील. पोलिसात तक्रार घेऊन जाता येतं, हे झालं. पूर्वी फौजदार म्हणायचा, "यात गुन्हा कुठला लावू?" आता कलम आहे. सगळं संपलं का? तू म्हैसाळचं वाचलंस ना? जून २०२२. आपल्या मिरज तालुक्यातलं, शिकलंसवरलं कुटुंब, नऊ माणसं एका दिवशी गेली. आधी कर्जापायी आत्महत्या वाटली. मग पोलिसांनी आरोप ठेवला की गुप्तधनाच्या नादी लावून पैसे उकळणाऱ्या मांत्रिकानं विष दिलं. कायदा होऊन तेव्हा नऊ वर्षं होत आली होती. कायद्याचे नियम नीट तयार करा, ही मागणी अंनिसवाले कायदा झाल्यावरही करतच राहिले. म्हणजे आमदाराच्या दारातली फेरी काही चुकत नाही.

पण या कामाचा पाझर लांबवर पोचतो. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध दाभोलकरांनी शेवटच्या काही महिन्यांत मोहीम उघडली होती. त्यावरचा कायदा एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. कर्नाटकानं २०१७ मध्ये आपल्यासारखाच जादूटोण्याचा कायदा केला, गुजरातनं २०२४ मध्ये. सांगलीहून निघणारं अंनिसचं वार्तापत्र अजून दर महिन्याला येतं.

तू लिहिलंस की तीन मिनिटं मिळाली, आमदारानं मान डोलावली आणि पुढच्याला बोलावलं, म्हणून तुला वाईट वाटलं. अगं, तीन मिनिटं म्हणजे चैन झाली! मात्र एक सांगते. पुढच्या वेळी जाशील तेव्हा केशरी बिल्लेवाल्यांच्या हरकती लिहून घे. त्या लिफ्टमधल्या माणसाला सरळ विचार, तुझी नेमकी भीती काय? शिकारीची बंदूक जाईल, की घरात चोर शिरल्यावर हात रिकामे राहतील? आणि तुमच्या मसुद्यात त्यातलं कशाला उत्तर आहे, कशाला नाही, ते बघ. टी-शर्ट घालून घोषणा देण्यापेक्षा हे कंटाळवाणं काम आहे, पण तुला हिशेबाची वही लिहायची सवय आहे, जमेल.

बाकी इकडं ठीक. हळदीचे सौदे चालू आहेत, भाव चढलाय, तरी तुझ्यासाठी राजापुरी ठेवलीय. कोण येणार असेल तिकडं तर कळव, पाठवते.

तुझी,
विश्रामबागवाली

ता. क. : ह्यांनी विचारलंय, तुझ्या त्या आमदाराचं मत शेवटी पडलं कुणीकडं? आणि पुढची निवडणूक कधी?