टेकडीवर जाऊन येतो

पुण्यात ‘टेकडीवर जाऊन येतो’ असं सांगून निघालेल्या माणसाला ‘कशाला?’ असं कुणी विचारत नाही. आमच्या घरात तर भांडण झालं, निकाल लागला, स्थळाकडून नकार आला, की कुणीतरी चपला अडकवून वेताळ टेकडीच्या वाटेला लागे. तासा-दीड तासाने परतलेला माणूस निमूट जेवायला बसे.

शाळेत असताना वडील पहाटे उठवून न्यायचे, तेव्हा मला तिचा रागच येई. कॉलेजात फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी जवळची झाली. खिसा रिकामा असलेल्या पोरांना तिथे तासन्‌तास बसता येई. निदान ‘अजून काही मागवणार का?’ म्हणून कुणी उठवत नसे.

मग नोकरीसाठी घाटकोपर. खोलीची एकुलती खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडायची. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान शंभरावर चौरस किलोमीटरचं, पण तिथे जायला रविवार लागे आणि रविवारी कपडे धुवायचे असत. चिडचिड वाढली, झोप कमी झाली. ते सगळं मी कामाच्या खात्यावर मांडत गेलो.

पुढे रॉजर उलरिच यांच्या 1984च्या शोधनिबंधाबद्दल वाचलं आणि ती भिंत आठवली. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत, काहींना विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. रुग्ण मोजकेच होते. 2019 साली मात्र डेन्मार्कमधल्या नऊ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बालपणी सभोवती सर्वांत कमी हिरवाई असलेल्यांना पुढे मानसिक आजार होण्याचा धोका 55 टक्क्यांपर्यंत जास्त दिसला. घरची सांपत्तिक स्थिती आणि आईवडिलांचे आजार हिशेबात धरूनही. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण मोजली होती ती राहत्या घराभोवतीची हिरवाई, सहलीची नव्हे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

वडील गेले तेव्हा मी पुण्यात परतलो होतो. झोप पारच उडाली. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेतल्या. (गोळ्या सोडा, टेकडी चढा, असं सांगणाऱ्यांपासून लांबच राहावं.) पण महाबळेश्वरला जायची उमेद नसते, तेव्हाही दहा मिनिटांवरच्या टेकडीपर्यंत पाय जातात. फेब्रुवारी होता, निष्पर्ण गणेरीला पिवळीजर्द फुलं आली होती. खाणीतल्या पाण्यापाशी एक वयस्क गृहस्थ भेटत. ‘काय, आज उशीर?’ एवढंच म्हणत. आम्ही एकमेकांची नावं कधी विचारली नाहीत. झाडांइतकाच त्यांच्या त्या प्रश्नाचाही मला आधार झाला.

सगळी हिरवाई सारखी नसते, हेही तिथेच कळलं. उंदीरमारीच्या एकसुरी लागवडीतून मी भराभर पुढे जातो. गवत, सालई, गणेर असलेल्या उतारावर पाखरं असतात आणि तिथे पाय रेंगाळतात.

2020च्या टाळेबंदीत टेकडीही बंद झाली. लोक गच्चीवरून तिच्याकडे बघत उभे राहायचे.

बालभारती ते पौड फाटा रस्ता तिच्या अंगावरून न्यायचा बेत कित्येक वर्षं चर्चेत आहे. वाहतुकीचे हाल खोटे नाहीत. पण रस्त्याने वाचणाऱ्या मिनिटांचा हिशेब करणाऱ्यांनी टेकडीवर येणाऱ्यांच्या झोपेचाही करावा. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात शहराबाहेर झाडं लावून तो चुकता होणार नाही. तिथे संध्याकाळी कुणाला चालत जाता येत नाही.