मुहूर्त आणि पंगत

आमच्या क्षेत्रातली हुद्द्यांची नावं घरच्यांना समजावून सांगताना नाकी नऊ येतात. प्रोजेक्ट मॅनेजर, प्रॉडक्ट मॅनेजर आणि प्रोग्रॅम मॅनेजर. तिघांचाही शॉर्टफॉर्म पीएम! माझ्या आईच्या मते प्रोग्रॅम मॅनेजर म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरांवरचा मुकादम. आईचं सोडा, कोड लिहिणाऱ्या आम्हा मंडळींचं मतही फार वेगळं नसतं. "हा माणूस दिवसभर करतो काय? स्टेटस विचारतो आणि एक्सेल शीटमध्ये लाल-हिरवे रंग भरतो." कँटीनमध्ये हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पाठ झालंय.

सध्या मात्र या प्रश्नाचं उत्तर मला जरा गंभीरपणे शोधावं लागतंय, कारण कंपनीने तीच जागा मला देऊ केली आहे. बारा वर्षं कोड लिहिल्यावर तो बंद करून रंग भरायला बसायचं का? सोमवारी उत्तर द्यायचंय.

आधी मुळातला फरक. प्रोजेक्ट मॅनेजरकडे एक काम असतं, ते वेळेत आणि पैशात बसवायचं. प्रोग्रॅममध्ये अशी अनेक कामं असतात आणि ती सगळी एकत्र आली तरच कुणाला काही फायदा होतो. लग्नघर आठवा. आचारी, मांडववाला, भटजी, फोटोग्राफर हे आपापल्या जागी हुशार असतात. पण वरपक्षाची बस घाटात अडकली तर काय करायचं, हे यातल्या कुणाचंच काम नसतं. ते बघतात एक काका. त्यांच्या हाताखाली कुणीच नसतं, तरी सगळे त्यांचं ऐकतात. कारण मुहूर्त हलत नाही पण पंगत हलवता येते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. (आपल्याकडे मुहूर्तही हलतो, पण ते असो.)

गंमत वाटेल, पण हेच मला अपोलो मोहिमेच्या इतिहासात सापडलं. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच्या चाचणीत यानाला आग लागली आणि तीन अंतराळवीर गेले. त्यानंतर यानाची जबाबदारी जॉर्ज लो यांच्याकडे आली. ते ह्यूस्टनच्या केंद्राचे उपसंचालक होते, म्हणजे ही जागा त्यांच्यासाठी हुद्द्याने खालचीच होती. हुद्द्याचं नाव? प्रोग्रॅम मॅनेजर! त्यांनी पहिल्या काही महिन्यांतच एक शिस्त लावली. यानात कुठलाही बदल करायचा तर तो शुक्रवारच्या बैठकीत मांडायचा. तिथे डिझाइनवाले, उड्डाण नियंत्रणवाले, अंतराळवीरांचे प्रमुख आणि यान बनवणाऱ्या कंपन्यांची माणसं एकत्र बसत. वाद होत, पण निर्णय लो यांचा. आणि तो का घेतला, हे ज्याला तो सर्वांत कमी आवडलाय त्याच्यासमोरच सांगायचं.

खरी कसोटी १९६८ च्या ऑगस्टमध्ये लागली. चंद्रावर उतरणारं यान, म्हणजे ल्यूनर मॉड्यूल, रखडलं होतं. पुढच्या उड्डाणात पृथ्वीभोवती त्याची चाचणी व्हायची होती. आता दोनच रस्ते दिसत होते: थांबा, नाहीतर घाई करा. लो यांनी तिसरा काढला. मॉड्यूल तयार नाही ना, मग त्याच्याशिवाय चंद्राला प्रदक्षिणा घालून येऊ! ९ ऑगस्टला त्यांनी हे सहकाऱ्यांपुढे मांडलं आणि रॉकेटवाल्यांपासून सगळ्यांना एकच प्रश्न टाकला, यात घोडं कुठे अडतंय? २१ डिसेंबर १९६८ ला अपोलो ८ उडालं. मॉड्यूलची चाचणी मार्च १९६९ मध्ये अपोलो ९ ने केली. दशक संपायच्या आत चंद्रावर माणूस, हा मुहूर्त होता. कुठलं उड्डाण आधी, ही झाली पंगत.

सॉफ्टवेअरवाल्यांनी याच मोहिमेतला बिल टिंडल हा माणूसही लक्षात ठेवावा. यानाच्या कॉम्प्युटरची कायम मेमरी ३६,८६४ शब्दांची. एमआयटीत लिहिला जाणारा प्रोग्रॅम तीत मावेना. १९६६ मध्ये टिंडल त्या टीमसोबत बसला आणि काय काय गाळायचं ते ठरवून आला. बैठकांनंतरची त्याची टिपणं 'टिंडलग्रॅम' म्हणून प्रसिद्ध झाली. साध्या, मिश्कील भाषेत काय ठरलं आणि काय लटकलंय ते लिहिलेलं. आपण मिनिट्स म्हणून जे पाठवतो, ते कुणी मुद्दाम वाचायला मागितल्याचं तुम्हाला आठवतंय का?

चंद्राचं जाऊ द्या, मी हे आमच्या ऑफिसातही पाहिलंय. एका रिलीजसाठी तीन टीम रात्री जागत होत्या. ३१ मार्च ही तारीख दगडावरची रेघ. एका मुलाने स्वतःच्या बहिणीच्या साखरपुड्याला जायचं रद्द केलं होतं. आमच्या प्रोग्रॅम मॅनेजर बाईंनी क्लायंटला फोन करून एवढंच विचारलं, "३१ मार्चच का?" उत्तर आलं की वर्षअखेरीमुळे बिलिंग त्या दिवशी चालू हवंच, बाकीचं मे महिन्यात आलं तरी चालेल. सहा आठवडे हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता! दोन टीम त्या रात्री घरी गेल्या. तो मुलगा साखरपुड्याला गेला. त्या बाईंनी एक ओळही कोड लिहिला नव्हता, पण तो कुठे फुटेल आणि कुणाच्या अंगावर फुटेल, हे त्यांना कळत होतं.

म्हणजे रंग भरणं हे त्या कामातलं सगळ्यात सोपं. अवघड आहे ते लाल आहे त्याला वेळेवर लाल म्हणणं. हाताखाली नसलेल्यांकडून काम करून घेणं. 'नाही' हा शब्द लवकर आणि कारणासकट उच्चारणं. हे मला जमेल का, माहीत नाही. पण कुणीच ते केलं नाही तर रात्री कोण जागतं, ते मला चांगलंच माहीत आहे.

तेव्हा सोमवारी मी हो म्हणणार, पण एका अटीवर. आठवड्यातून एक दिवस मला कोड रिव्ह्यूला बसू द्यायचं. जो स्वयंपाकघरात डोकावत नाही, त्याने पंगतीची वेळ ठरवू नये.